जावक पत्रांचा शोध : एका विनोदी नटाचा पत्रव्यवहार आणि ठाण्याची वागळे इस्टेट

(१)

जुन्या पत्रांचा संग्रह करणारांस एक नियम अनुभवानें ठाऊक असतो. ज्या पुरुषाचा इतिहास लिहावयाचा त्याच्या घरीं त्यानें स्वतः लिहिलेलीं पत्रें क्वचितच हातीं लागतात. तेथें असतें तें त्यास आलेलें पत्र. त्यानें धाडलेलें पत्र पाहावयाचें तर तें ज्यास धाडलें त्याचें घर शोधावें लागतें. मेणवलीच्या वाड्यांत नाना फडणिसांस आलेल्या कागदांचे ढीग निघाले. परंतु नानांनीं काय लिहून पाठविलें हें पाहूं जातां पटवर्धनादि सरदारांच्या दप्तरांकडे वळणें भाग पडतें. आवक एके ठिकाणीं असते, जावक शंभर ठिकाणीं विखुरलेली असते. राजवाडे गांवोगांव व घरोघर कां हिंडले आणि वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून पटवर्धनी दप्तराच्या एकेका कागदावर आयुष्य कां वेंचलें, याचें उत्तर या एका नियमांत आहे.

हाच नियम विसाव्या शतकांतील पत्रांस लावून पाहावा असा आमचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही मुद्दाम एक हलका समजला जाणारा विषय घेतला आहे : चित्रपटांतील विनोदी नटानें आपल्या चाहत्यांस व जुन्या सोबत्यांस लिहिलेलीं पत्रें. विदूषकाच्या पत्रांत इतिहास तो कसला, असें कोणी विचारील. तह, मोहिमा व कारस्थानें यांच्या इतिहासास त्या पत्रांचा उपयोग नाहीं, हें उघड आहे. परंतु गेल्या शतकांत लक्षावधि सामान्य माणसें कशाला हंसलीं, पडद्यावर पाहिलेल्या माणसाशीं त्यांनीं कोणत्या नात्यानें बोलणें सुरू केलें आणि त्या माणसानें त्यांस कोणत्या नात्यानें उत्तर दिलें, हें कळण्यास यासारखें दुसरें अस्सल साधन नाहीं. जुन्या दप्तरांत थोरांनीं थोरांस लिहिलेलीं पत्रें विपुल. थोरानें अनोळखी सामान्य मनुष्यास, कांहीं काम नसतां, केवळ त्याचें पत्र आलें म्हणून लिहिलेलें पत्र फार विरळा. येथें तशा पत्रांची रासच आहे.

(२)

महाराष्ट्रांतील जुन्या प्रेक्षकांनीं ज्या जोडीस ‘जाड्या-रड्या’ असें घरगुती नांव दिलें, तींतील रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. त्याचें मूळचें नांव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. इंग्लंडांत, त्या वेळच्या लँकेशायर परगण्यांतील अल्व्हर्स्टन या लहानशा गांवीं १६ जून १८९० रोजीं त्याचा जन्म झाला. बाप नाटकगृहें चालविणारा. मुलगा लहानपणींच रंगभूमीवर आला. फ्रेड कार्नो याच्या विनोदी मंडळीबरोबर तो १९१० सालीं अमेरिकेस गेला. त्याच मंडळींत चार्ली चॅप्लिनही होता. पुढें १९२७ पासून हॅल रोच याच्या चित्रशाळेंत ऑलिव्हर हार्डी व तो यांची जोडी जमली. त्यांच्या ‘म्युझिक बॉक्स’ या चित्रास १९३२ सालीं विनोदी लघुपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. जोडीचा शेवटचा चित्रपट १९५१ चा. १९४७, १९५२ आणि १९५३-५४ या वर्षीं दोघांनीं इंग्लंडांतील नाटकगृहांतून दौरे केले. १९४७ च्या दौऱ्यांत लॉरेल आपल्या जन्मगांवीं गेला, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यास त्याच्या जन्मनोंदीची प्रत भेट दिली.

१९५५ सालीं लॉरेलला अर्धांगाचा झटका आला. ७ ऑगस्ट १९५७ रोजीं हार्डी वारला. जोडीदार गेल्यावर आपण पुन्हां नट म्हणून उभे राहावयाचें नाहीं, असा लॉरेलनें निश्चय केला व तो अखेरपर्यंत पाळला. कॅलिफोर्नियांत सांता मोनिका येथें समुद्रासमोरच्या ‘ओशियाना’ नांवाच्या इमारतींतील लहानशा बिऱ्हाडांत, पत्नी आयडा हिच्यासह, त्यानें शेवटचीं वर्षें काढलीं. १९६१ सालीं त्यास मानाचें ऑस्कर मिळालें. २३ फेब्रुवारी १९६५ रोजीं तो वारला. या निवृत्तीच्या काळांत त्याचें नांव व दूरध्वनीचा क्रमांक शहराच्या नेहमींच्या पुस्तकांत छापलेला असे. डिक व्हॅन डाइक हा पुढें प्रसिद्धीस आलेला नट त्याच पुस्तकांत क्रमांक पाहून त्याला भेटावयास गेला. ज्याचें दार असें उघडें, त्याच्या टपालाची कल्पना सहज यावी. जगाच्या कानाकोपऱ्यांतून पत्रें येत आणि तो टंकयंत्रापुढें बसून स्वहस्तें उत्तरें देई. कारकून नाहीं, छापील मजकूर नाहीं. ज्याचें त्याला वेगळें पत्र.

(३)

या पत्रांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग चाहत्यांस लिहिलेल्या पत्रांचा. यांत फोटो मागितला असल्यास सही करून पाठविल्याचा उल्लेख, भेटवस्तूबद्दल आभार, अमुक चित्रांत तमुक प्रसंग कसा घेतला या प्रश्नाचें उत्तर, आणि प्रकृतीचें वर्तमान असा मजकूर येतो. दुसरा वर्ग जुन्या सोबत्यांस लिहिलेल्या पत्रांचा. हे सोबती म्हणजे कार्नो मंडळींतील व इंग्लंड-अमेरिकेच्या संगीत-विनोदी रंगभूमीवरील नटनटी. त्यांतील पुष्कळ तोंवर विस्मृतींत गेलेले. कोण कोठें आहे, कोण आजारी, कोण निवर्तला, कोणतें नाटकगृह पाडलें, याची देवघेव या पत्रांत चालते. चित्रपट व दूरचित्रवाणी यांनीं गिळून टाकलेल्या एका रंगभूमीची ही वंशावळच होय. ती छापील ग्रंथांत सांपडत नाहीं.

दोन्ही वर्गांत एक विषय पुनःपुन्हां येतो. जोडीचे जुने चित्रपट त्या काळीं दूरचित्रवाणीवर दाखवीत, आणि जाहिरातींस जागा व्हावी म्हणून ते मनमानी कापीत. विनोदाची लय वेळेच्या मापावर उभी असते. मधलें हंसें तोडलें कीं पुढचें पडतें. हें जाणणाऱ्या लॉरेलला तो प्रकार फार लागे. त्या प्रक्षेपणांतून त्यास कांहीं द्रव्य मिळत नव्हतें. तरीहि चित्रें नीट कापून देण्याचें काम आपण फुकट करूं, अशी त्याची तयारी होती. कारागिराला आपल्या वस्तूची काळजी मोबदल्याहून अधिक असते, याचा पुरावा म्हणून हा तपशील आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पत्रांच्या बाह्यांगाविषयींही दोन शब्द लिहितों, कारण संग्राहकाची पारख तेथेंच होते. पत्रावर तारीख व बिऱ्हाडाचा पत्ता असतो. पत्ते बदलत गेले असल्यानें पत्ता हें कालनिर्णयाचें एक साधन आहे. अमेरिकेंत टपालाचा ‘झिप’ क्रमांक १९६३ सालीं सुरू झाला. तो ज्या पाकिटावर आहे तें त्या वर्षापूर्वीचें असूं शकत नाहीं. सहीहि पाहावी : अनोळख्यास पूर्ण नांव, स्नेह्यास केवळ ‘स्टॅन’. एकाच चाहत्यास वर्षानुवर्षें लिहिलेल्या पत्रांत पूर्ण नांवाची सही कधीं आंखूड झाली हें पाहिलें, कीं परकेपणा केव्हां गळाला याची मित्तीच मिळते. आमच्या जुन्या पत्रांतील मायन्यावरून लिहिणाराचें नातें व दर्जा ओळखण्याची जी रीति, तिचीच ही पाश्चात्त्य आवृत्ति होय.

(४)

आतां या साधनाच्या विश्वसनीयतेचा विचार. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना बखर व समकालीन पत्र यांतील भेद दाखविला, त्याचा येथें विसर पडतां कामा नये. लॉरेलनें १९५८ सालीं लिहिलेलें पत्र १९५८ सालच्या लॉरेलविषयीं पहिल्या प्रतीचा पुरावा आहे : त्याची प्रकृति, त्याचें घर, त्याचीं मतें, त्याचा स्नेह. परंतु त्याच पत्रांत १९२७ सालच्या एखाद्या चित्राची हकीकत असेल, तर तेवढ्यापुरतें तें पत्र बखरच होय. तीस वर्षांपूर्वीची आठवण म्हणून तें तपासून घेतलें पाहिजे. एकाच कागदांत पत्र व बखर असे दोन्ही पदार्थ मिसळलेले असतात. सही खरी म्हणून मजकूरहि अचूक, असें मानणारे संग्राहक येथें फसतात.

दुसरें असें कीं, चाहत्यास उत्तर देणारा नट भिडस्त असतो. प्रशंसेस तो प्रशंसेनें उत्तर देतो. तेव्हां त्याचें रोखठोक मत पाहिजे असेल तर जुन्या सोबत्यास त्याच सुमारास गेलेलें पत्र शोधून दोन्ही एकापुढें एक ठेवावीं. एका आठवड्यांतील दोन पत्रें, एक अनोळख्यास व एक स्नेह्यास, हीं दहा सुट्या पत्रांहून अधिक सांगतात. म्हणूनच संग्रह व्यक्तिवार लावून भागत नाहीं. तो तारीखवारहि लावावा लागतो.

(५)

हा संग्रह झाला कसा, हें आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें. लॉरेलच्या बिऱ्हाडांत त्याचीं जावक पत्रें असण्याचा संभव नव्हता. तीं जगभर पसरलीं होतीं. जॉन मॅकेब या अभ्यासकानें १९६१ सालीं या जोडीचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि त्याच्याच पुढाकारानें १९६५ सालीं ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ या नांवाचें चाहत्यांचें मंडळ उभें राहिलें. त्याच्या गांवोगांवच्या शाखांस ‘तंबू’ म्हणतात. १९८३ सालीं बिल क्यूबिन यानें अल्व्हर्स्टन येथें या जोडीच्या वस्तूंचें संग्रहालय उघडलें. ज्यांच्या घरीं एकदोन पत्रें पडून होतीं, त्यांस हीं पत्रें कोणास तरी हवीं आहेत हें अशा संस्थांमुळें कळलें. पुढें बर्नी होग्या या अभ्यासकानें ज्यांस पत्रें आलीं त्यांच्याकडून व त्यांच्या वारसांकडून नकला मिळवून त्या तारीखवार लावण्याचा उद्योग केला, आणि हजाराहून अधिक पत्रें एकत्र वाचावयास मिळूं लागलीं.

यांत मूळ कागद एके ठिकाणीं आणण्याचा हट्ट नव्हता, हें लक्षांत घ्यावें. कागद ज्याचा त्याच्या घरीं राहिला. नक्कल मात्र सर्वांची झाली. घरची ठेव हातची जाईल या भयानें दप्तरें दाखविण्यास नाखूष असलेल्या इनामदारांची ज्यांस ओळख आहे, त्यांस या युक्तीचें मोल सांगावयास नको.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. सह्यांच्या बाजारांत पत्राचा तुकडा होतो. सहीचा फोटो एकीकडे विकला जातो, त्यासोबतचें पत्र दुसरीकडे, आणि पाकीट केराच्या टोपलींत. पाकिटावरचा टपालाचा शिक्का म्हणजे पत्राचा जन्मदाखला. तो गेला कीं बिनतारखेचें पत्र कायमचें पोरकें होतें.

(६)

मराठींत याच्या जवळचें उदाहरण पु. ल. देशपांडे यांचें. ते प्रथम लोकांपुढें आले ते केवळ लेखक म्हणून नव्हे. १९४७ सालच्या ‘कुबेर’ चित्रपटापासून त्यांनीं पडद्यावर भूमिका केल्या, आणि १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मध्यें कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन व प्रमुख भूमिका हीं सर्व अंगें त्यांनीं एकट्यानें संभाळलीं. पुढें एकपात्री प्रयोग व ग्रंथ यांनीं त्यांची कीर्ति वाढली, तसतसा पत्रांचा ओघहि वाढला. आणि अनोळखी वाचकास स्वहस्तें उत्तर लिहिण्याची त्यांची रीति महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. १२ जून २००० रोजीं ते वारले. शेवटच्या वर्षांत कंपवातानें त्यांचा हात थांबला. तेव्हां त्या काळांतील हस्ताक्षराचा कंप हाही कालनिर्णयास साह्य करील. बेळगांव, दिल्ली, मुंबई, पुणें अशा त्यांच्या वास्तव्यांच्या क्रमावरून पत्त्यांची यादी करतां येईल.

आवक व जावक दोन्ही जुळलीं म्हणजे काय होतें, याचा दाखला त्यांच्याच घरांत आहे. जी. ए. कुलकर्णी यांनीं सुनीताबाई देशपांडे यांस लिहिलेलीं पत्रें जी. एंच्या निवडक पत्रांच्या पहिल्या खंडांत प्रसिद्ध झालीं. आणि सुनीताबाईंनीं जी. एंस लिहिलेलीं पत्रें ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकांत आलीं. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचणारास एका बाजूच्या मजकुरांतील संदर्भ दुसऱ्या बाजूस उलगडतात. परंतु हे दोघेही नामांकित लेखक. त्यांचे कागद जपले जाणें स्वाभाविक होतें. विनोदी नटानें ठाण्याच्या एखाद्या कामगारास लिहिलेलें कार्ड कोणी जपावें?

(७)

येथें आम्हांस वागळे इस्टेटीचा प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. ठाणें हें हस्तलिखितांच्या संग्रहास परकें नाहीं. महाराष्ट्र सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे यांनीं १८९३ सालीं येथें मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापिलें आणि जुन्या कवींच्या पोथ्या मिळविण्यासाठीं आयुष्यभर खटपट केली. परंतु भाव्यांचें ठाणें तलावपाळीच्या आसपासचें. त्यांच्यानंतर पश्चिमेस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडे, दुसरें ठाणें उभें राहिलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, त्याच्या अगदीं आरंभींच्या वसाहतींपैकीं वागळे इस्टेट ही एक. रस्त्यांस नांवांऐवजीं क्रमांक, दुतर्फा कारखाने, आणि भोंवतीं किसननगर, श्रीनगर, पडवळनगर, सावरकरनगर अशी चाळींची दाट वस्ती. कोंकणांतून, घाटावरून व परप्रांतांतून आलेला कामगार येथें राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगांवांतून विस्कटलेल्या कुटुंबांपैकीं अनेकांनीं ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूंस बिऱ्हाडें हलविलीं.

हीच वस्ती विनोदी चित्रपटांची हुकमी प्रेक्षक होती. दादा कोंडके स्वतः नायगांव-लालबागच्या कामगार वस्तींत वाढले. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यानें व १९७१ च्या ‘सोंगाड्या’नें त्यांस याच लोकांनीं डोक्यावर घेतलें. हे लोक पत्र लिहिणारेहि होते. गांवीं मनीऑर्डर व तिच्या पावतीवरील दोन ओळी हा त्यांचा महिन्याचा क्रम. रेडिओवर आवडीचें गाणें ऐकण्यासाठीं कार्ड टाकणें ही त्यांची हौस. ज्या हातानें रेडिओस कार्ड टाकलें त्याच हातानें आवडत्या नटास टाकलें असावें, आणि एखाद्यास उत्तर आलें असावें, हें अनुमान धाडसाचें नाहीं. तें उत्तर आज कोठें असेल? देवाच्या तसबिरीमागें, पत्र्याच्या ट्रंकेंत, शिधापत्रिकेच्या पुडक्यांत.

आणि ती ट्रंक आतां हलत आहे. किसननगर भागांत २०२३ सालीं समूह-पुनर्विकासाच्या कामास आरंभ झाला. लोकांस पक्कीं घरें मिळावीं हें इष्टच आहे. आमची तक्रार त्याविषयीं नाहीं. परंतु घर बदलण्याच्या घाईंत कागद प्रथम जातो. वाडे पडले तेव्हां दप्तरें वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधावयास गेलीं, ही हळहळ संशोधकांनीं पिढ्यानपिढ्या ऐकली आहे. चाळ पडते तेव्हां कार्डें रद्दीवाल्याच्या तराजूंत जातात, फरक इतकाच.

म्हणून संग्राहकांस आमच्या कांहीं सूचना आहेत. मूळ कागद मागूं नये. नक्कल किंवा छायाचित्र मागावें, पाठपोट दोन्ही बाजूंचें, पाकिटासह. कागदास पारदर्शक चिकटपट्टी लावूं नये, त्यावर प्लास्टिकचें आवरण तापवून चढवूं नये. दोन्हींनीं कागद कायमचा बिघडतो. बॉलपेनची शाई उन्हांत उडते, आणि ठाण्याच्या दमट हवेंत बंद पिशवींतील कागदास बुरशी धरते. साध्या कागदी पाकिटांत, कोरड्या जागीं, अंधारांत ठेवावें. तारीख नसल्यास टपालाच्या खुणा पाहाव्या : तिकिटावर ‘नये पैसे’ असेल तर तें तिकीट १ एप्रिल १९५७ नंतरचें, पत्त्यांत सहा आंकडी पिन असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचें, आणि वागळे इस्टेटीचा पिन ४००६०४. शिक्क्यावर ‘मुंबई’ कीं ‘बॉम्बे’ हें पाहतांना शहराचें नांव १९९५ सालीं बदललें हें ध्यानांत असूं द्यावें; मात्र देवनागरींत मुंबई पूर्वींपासूनच लिहीत, याचें विस्मरण होऊं देऊं नये.

एक गोष्ट कायद्याची. पत्राचा कागद ज्यास तें आलें त्याच्या मालकीचा. मजकुराचा हक्क लिहिणाराचा व त्याच्या पश्चात् वारसांचा. नक्कल जवळ ठेवणें वेगळें आणि छापणें वेगळें. छापण्यापूर्वीं त्यांची अनुमति घ्यावी. ज्यास पत्र आलें त्याच्या घरच्या गोष्टी त्यांत असतील तर त्याचीहि घ्यावी. आणि पत्राबरोबर तें कसें आलें, उत्तर कशाचें, हें घरच्या वडील माणसाकडून विचारून त्याच दिवशीं टिपून ठेवावें. चाहत्यानें लिहिलेलें मूळ पत्र आतां मिळणार नाहीं, त्याची जागा ही टिपणी कांहींशी भरून काढील.

सांता मोनिकाच्या बिऱ्हाडांतून गेलेलीं पत्रें ज्यांस आलीं त्यांत राजे-मुत्सद्दी थोडे आणि सामान्य माणसें फार. त्यांनीं तीं टाकलीं असतीं तर आज लॉरेलचें निवृत्तीचें जीवन आम्हांस कळलेंच नसतें. प्रसिद्ध पुरुषाचा पत्रव्यवहार अप्रसिद्धांच्या घरीं असतो. पेशवाईचे कागद शोधावयास आमचे पूर्वसूरि वाईस व मेणवलीस गेले. विसाव्या शतकाचे कागद शोधणारानें रोड नंबर बावीसवरून किसननगरच्या गल्लींत शिरावें, आणि तें चाळी रिकाम्या होण्यापूर्वीं करावें.